भीमाशंकरचं हिरवेपण मार्चमध्ये मोजावं

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून उपग्रहचित्रांची जोडी फिरते. एकात सह्याद्री तपकिरी, दुसऱ्यात हिरवागार, खाली ‘बघा, जंगल किती वाढलं!’ बहुधा पहिलं मे महिन्यातलं असतं, दुसरं ऑक्टोबरमधलं. पावसानंतर आमच्या गच्चीची फरशीसुद्धा हिरवी होते.

भीमाशंकर अभयारण्यासारख्या (सुमारे १३१ चौ. किमी) ठिकाणी जंगलाचा नकाशा करायचा तर आधी गवत वाळू द्यावं. मार्चपर्यंत उतारावरची पानझडी झाडं उघडी पडतात; माथ्यावरची अंजन-जांभळाची झाडी आणि देवरायांचे पुंजके तेवढे हिरवे राहतात. शेकरूचं घर तिथेच.

खरी गंमत पानात आहे. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश गिळतं, थोडा हिरवा परतवतं. पण पान सर्वांत जास्त परतवतं ते आपल्याला न दिसणारे अवरक्त किरण. पानाच्या आतल्या थरात पेशी सैलसर असतात, मध्ये हवेच्या पोकळ्या. पेशीतल्या पाण्यातून हवेत, हवेतून पुन्हा पाण्यात शिरताना किरण दर वेळी वळतो, थोडा मागे फिरतो. असं होत होत जवळपास निम्मे किरण वरच्या वर बाहेर पडतात. रंग घालण्याआधीचा बर्फाचा गोळा पांढरा दिसतो तोही याच कारणानं.

सेंटिनेल-२ उपग्रह लाल आणि अवरक्त दोन्ही मोजतो. अवरक्तातून लाल वजा करून दोघांच्या बेरजेनं भागलं की मिळतो एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा. समजा, दाट झाडीतून लाल ४ टक्के आला, अवरक्त ४४. ४० भागिले ४८, म्हणजे ०.८३. वाळल्या गवताचे २० आणि ३० धरले तर ०.२. भागायचं कशाला? कड्याच्या सावलीत दोन्ही आकडे निम्मे झाले तरी उत्तर साधारण तेच येतं.

पावसाळ्यात मात्र ढग आड येतात, तेव्हा रडारच लागतं. ३० जुलै २०२५ ला सोडलेला निसार उपग्रह त्याच जातीचा.

सेंटिनेलचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. ‘एआयनं उपग्रहातून शेकरू मोजले’ असं कुणी सांगितलं तर हा गुंठा आठवा. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर झेप घेतं. मधलं एखादं झाड तुटलं तर त्या गुंठ्याचा आकडा ०.८३ चा ०.७ होईल आणि नकाशात तो हिरवाच राहील. शेकरूची वाट मात्र तुटलेली असेल, आणि ती दिसेल खालून मान वर करून चालणाऱ्या वनरक्षकाला.