बहुसदस्यीय प्रभाग पद्धती (सोलापूर)

महानगरपालिका निवडणुकीत एका प्रभागातून एकाहून अधिक नगरसेवक निवडण्याची पद्धत. सोलापुरात 2017 साली 26 प्रभागांतून 102 नगरसेवक निवडले गेले. 24 प्रभाग चार सदस्यांचे, 2 प्रभाग तीन सदस्यांचे.

पद्धतीचे मूळ काही वेळा पहिल्या लोकसभेच्या द्विसदस्य मतदारसंघांशी जोडले जाते. सोलापूर असाच मतदारसंघ होता. 1951-52 मध्ये येथून शंकरराव मोरे आणि राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. परंतु तेथे उमेदवारांची यादी एकच असे. मतदाराला दोन मते असत, ती दोन्ही एकाला देता येत नसत. राखीव जागेचा निकाल आधी ठरे, मग उरलेल्यांत सर्वाधिक मते मिळवणारा दुसऱ्या जागेवर येई. त्यामुळे दोन्ही जागा अनुसूचित जातींच्या उमेदवारांकडे जाणेही शक्य होते. 1961 च्या कायद्याने हे मतदारसंघ संपले. आजच्या प्रभागात अ, ब, क, ड या प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते, म्हणून हे नाते नावापुरतेच दिसते. राज्य सरकारांनी वेळोवेळी केलेल्या कायदाबदलांत मूळ शोधणे अधिक सयुक्तिक ठरावे. 2007 मध्ये प्रभाग एकसदस्यीय होते, 2012 मध्ये द्विसदस्यीय, 2017 मध्ये चारसदस्यीय.

सदस्यसंख्या लोकसंख्येवरून निघते. 6 लाख लोकसंख्येला 85 आणि त्यापुढील दर 20,000 मागे एक. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. म्हणजे 85 अधिक 17. एका जागेमागे 9,329 लोक, चारसदस्यीय प्रभागाची सरासरी 37,316. त्यात 10 टक्के कमीजास्त चालते, म्हणजे साधारण 33,584 ते 41,048. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाकडे मोजणीला दिलेला भाग, फोडायचा नसतो. त्यामुळे हद्द वस्तीच्या सोयीने नव्हे, गटाच्या रेषेने वळते आणि हरकती बहुधा याच ठिकाणी येतात. अनुसूचित जातींच्या जागा त्या लोकसंख्येच्या उतरत्या टक्केवारीने प्रभागांना मिळतात, महिलांसाठी राखीव असलेल्या निम्म्या जागा सोडतीने.

मतदाराने प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबायचे असते. यंत्रावरील मतपत्रिकेचा रंग अ साठी पांढरा, ब साठी फिका गुलाबी, क साठी फिका पिवळा, ड साठी फिका निळा. एकच बटण दाबून मतदार निघाला की यंत्र पुढच्या मतांसाठी अडून राहते आणि रांग थांबते. राखीव जागेला फक्त त्या प्रवर्गातल्यांनी मत द्यायचे, हा समजही चुकीचा. चारही जागांना सर्वांचे मत लागते.

ही प्रमाणशीर, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणारी, पद्धत नाही. 'पॅनल' म्हणून एकगठ्ठा मतदान झाले तर निम्म्याहून कमी मतांवरही चारही जागा एका पक्षाकडे जाऊ शकतात. पूर्व भागातील विणकर पद्मशालींसारख्या दाट वस्तीचे वजन मोठ्या प्रभागात कधी वाढते, कधी विरते; हद्द कुठून गेली यावर ते अवलंबून. 2017 मध्ये भाजपला 49 जागा मिळाल्या, बहुमताला 52 लागत होत्या. गटाराची तक्रार नेमकी चौघांपैकी कोणाकडे न्यायची, हा प्रश्न पद्धतीतच आहे.

वैधतेचा खरा पेच 2022 नंतरचा. 38 प्रभाग (37 तीनसदस्यीय, एक द्विसदस्यीय) आणि 113 जागांची रचना झाली, मग कायदा बदलून ती रद्द झाली. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. राज्यघटनेच्या 243-यू अनुच्छेदानुसार मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी लागते. तरीही मार्च 2022 पासून कारभार प्रशासकाकडे राहिला. मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले.