रेडिओ आणि लॅपटॉपच्या मधली डबी : घेण्याआधी आणि जोडताना वाचा

आमच्याकडे रेडिओ मिळत नाही. परवानाधारक हॅम मंडळींना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, एफटी८, पीएसके३१, आरटीटीवाय असे डिजिटल मोड (बोलण्याऐवजी लॅपटॉपच्या टोनमधून मजकूर पाठवायच्या पद्धती) चालवता यावेत म्हणून रेडिओ आणि लॅपटॉप जोडणारी डबी आणि तिची केबल आम्ही जळगावात बनवतो. पैसे देण्याआधी हे वाचा. वाचून डबीची गरज नाही असं लक्षात आलं, तरी आमची तक्रार नाही.

डबी कोणाला नको

तुमच्याकडे आयकॉम आयसी-७३०० किंवा तसा नवा रेडिओ असेल, तर साउंड कार्ड त्याच्या आतच आहे. एक साधी यूएसबी केबल पुरते. डबी लागते ती जुन्या रेडिओंना. येसू एफटी-८५७च्या मागे सहा पिनांचा मिनी-डिन डेटा जॅक आहे, आयसी-७१८ला तेरा पिनांचं सॉकेट आहे, आणि हैदराबादच्या अशर फरहान यांच्या यूबिटएक्ससारख्या घरी जुळवलेल्या सेटला माइक आणि स्पीकरच्या जॅकमधूनच काम भागवावं लागतं. प्रत्येकाची केबल वेगळी असते.

डबीत यूएसबी साउंड कार्ड, दोन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि पीटीटीसाठी (रेडिओला ‘आता पाठव’ सांगणाऱ्या कळीसाठी) एक ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशातून चालणारा स्विच, असतो. ट्रान्सफॉर्मर कशाला, असं बरेच जण विचारतात. जुन्या घरांत आणि शेतावरच्या खोल्यांत अर्थिंग नावालाच असतं. चार्जर लावलेला लॅपटॉप आणि पॉवर सप्लायवरचा रेडिओ थेट तारेने जोडले, की ५० हर्ट्झचा गुणगुणाट सरळ तुमच्या सिग्नलमध्ये शिरतो. ट्रान्सफॉर्मरमुळे आवाज पलीकडे जातो, पण दोन्हीकडचं ग्राउंड एकमेकांना चिकटत नाही. ट्रान्समिट करताच माउस गोठत असेल किंवा यूएसबी सुटत असेल, तर अँटेनाची आरएफ (रेडिओलहरींची ऊर्जा) केबलवरून परत येते आहे असं समजा. केबलचे चार-पाच वेढे फेराइट रिंगमधून घ्या.

आधी घड्याळ

‘डबी खराब आहे’ असा फोन आला, की आमचा पहिला प्रश्न एकच : लॅपटॉपचं घड्याळ बघितलं का? वॉटरफॉलवर (स्क्रीनवरच्या सिग्नलच्या सरकत्या चित्रावर) पिवळ्या रेघा ठळक दिसतात आणि डीकोड, म्हणजे वाचता येणारा मजकूर, मात्र एकही होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा दोष घड्याळाचाच असतो. एफटी८ हा मोड २०१७ साली ज्यो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणला. टेलर म्हणजे पल्सारवरच्या कामासाठी १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल वाटून घेणारे शास्त्रज्ञ. गोंगाटातून क्षीण सिग्नल उचलणं हा त्यांचा जुना विषय. या मोडमध्ये मिनिटाचे १५-१५ सेकंदांचे चार भाग पडतात. एका भागात तुम्ही १२.६४ सेकंद पाठवता, पुढच्या भागात ऐकता. घड्याळ दोन-अडीच सेकंद जरी सरकलं, तरी जग तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही जगाला.

घरी इंटरनेट असेल तर वेळ जुळवणारं मोफत सॉफ्टवेअर टाका. विंडोजची आपोआप जुळवणी एकटी पुरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज नसलेल्या मळ्यात बसणार असाल, तर यूएसबीचा जीपीएस घ्या. एफटी८ला स्वतःला इंटरनेट लागत नाही, फक्त अचूक वेळ लागते.

मग आवाज

डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घ्या. बँडवर नुसती खरखर असताना त्यातला रिसीव्ह मीटर ३० डेसिबलच्या आसपास ठेवा. पाठवताना उलट काळजी घ्यावी लागते. डबीवरचा नॉब फिरवत एएलसीचा (रेडिओ आपण होऊन ताकद आवरतो ते दाखवणारा) काटा हलू लागला, की थोडं मागे या आणि तिथेच थांबा. स्पीच कंप्रेसर बंद ठेवा, नॉइज ब्लँकरही बंद. मोड नेहमी यूएसबी, म्हणजे वरचा साइडबँड. ४० मीटरच्या बँडवर गप्पा एलएसबीवर, म्हणजे खालच्या साइडबँडवर, होतात म्हणून हातच्या सवयीने एफटी८लाही तेच लावलं, तर काहीच हाती लागणार नाही. फ्रिक्वेन्सी ४० मीटरला ७.०७४ मेगाहर्ट्झ, २० मीटरला १४.०७४.

आवाज जास्त चढवला की तुमच्या ५० हर्ट्झ रुंदीच्या बारीक रेघेच्या दोन्ही बाजूंना सावल्या उमटतात आणि शेजारचे चार जण दाबले जातात. सॉफ्टवेअरच्या रेडिओ टॅबमध्ये स्प्लिटला ‘रिग’ किंवा ‘फेक इट’ निवडा. मग टोन १५०० ते २००० हर्ट्झमध्येच राहतो आणि त्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला टोन ३००० किंवा त्याहून वर जाऊन रेडिओच्या फिल्टरबाहेर पडतो. एवढ्या एका सेटिंगने निम्मी घाण थांबते, तरी ते कोणी करत नाही.

उन्हाळा

बोलताना रेडिओ पूर्ण ताकद क्षणभरच देतो. एफटी८मध्ये तो १२.६४ सेकंद सलग पूर्ण ताकदीने तापतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ला टेकतो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत १०० वॉटचा रेडिओ १०० वॉटवर चालवू नका. २५-३० वॉट भरपूर झाले. सिग्नल गोंगाटाच्या २० डेसिबल खाली असला तरी हा मोड वाचतो, मग ताकदीचा हट्ट कशाला? कूलरचा झोतही थेट रेडिओवर नको. त्या हवेत पाणी असतं आणि आपल्याकडची धूळही.

गोंगाट कुठून येतो

केळीच्या पट्ट्यात, यावल-रावेरकडे, पंपाचे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आणि सौर पंपाचे कंट्रोलर दिवसभर बँडवर ओरडत असतात. घरात एलईडी दिवे आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. रेडिओ बॅटरीवर लावा, घराचा मेन स्विच पाडा आणि ऐका. खरखर गेली तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चढवत त्याला शोधा. नाही गेली तर अँटेना विजेच्या तारांपासून दूर न्या. २० मीटरच्या बँडचा डायपोल, म्हणजे दोन तारांची साधी अँटेना, टोकापासून टोकापर्यंत साधारण दहा मीटर होतो, गच्चीवर मावतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा. वळवाचे ढग दिसले की अँटेनाची केबल काढून ठेवा. विजेपासून ही डबी काही वाचवत नाही.

ग्रिड काय भरायचं

सॉफ्टवेअर चार अक्षरांचा लोकेटर मागतं, म्हणजे तुम्ही जगाच्या नकाशावरच्या ज्या चौकोनात आहात त्याचं नाव. धुळे, चाळीसगाव, पाचोरा, जामनेर एमएल७०मध्ये; नंदुरबार, शिरपूर, चोपडा, अमळनेर, भुसावळ एमएल७१मध्ये; रावेर आणि मुक्ताईनगर एमएल८१मध्ये. जळगाव शहर २१ अक्षांशाच्या रेषेलगतच आहे, त्यामुळे जळगावकरांनी आपलं घर नकाशावर बघूनच भरावं.

परवाना आणि मर्यादा

परवान्याशिवाय ट्रान्समिट नाही. तुमच्या ग्रेडला कोणता मोड आणि किती वॉट चालतात ते परवान्यावर पाहा. सांकेतिक गुप्त भाषेला मनाई आहे आणि धंद्याच्या निरोपालाही, तेव्हा केळीचे भाव यावरून कळवायचे नाहीत. तसंही एफटी८ गप्पांसाठी नाही. कॉलसाइन (तुमचं रेडिओवरचं नाव), ग्रिड, सिग्नलचा रिपोर्ट आणि सेव्हन्टी-थ्री (हॅम मंडळींचा निरोपाचा नमस्कार), एवढ्यात क्यूएसओ, म्हणजे संपर्क, संपतो. मोकळ्या मजकुराला तेरा रोमन अक्षरं मिळतात. ‘काय चाली राह्यनं भो’ त्यात बसत नाही. टाइप करून बोलायची हौस असेल तर जेएस८कॉल किंवा पीएसके३१ लावा. दोन्हीला हीच डबी चालते.

दुकानात येताना रेडिओ उचलून आणू नका. मॉडेलचं नाव, मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो आणि लॅपटॉप आणा. केबलचा प्लग फोटोवरून ठरतो, आणि घड्याळ आम्ही तिथेच जुळवून देतो.