शिळ्या भातापासून फ्राइड राइसपर्यंत

घरी व्हेज फ्राइड राइस करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, भात ताजा घ्यायचा की शिळा? तर शिळाच, कारण हा पदार्थ जन्मलाच मुळी उरलेल्या भातातून. चीनमधलं यांगझोउ शहर त्याचं माहेर मानतात आणि त्याची सुरुवात सुई राजघराण्याच्या काळात, म्हणजे इ.स. ५८१ ते ६१८ मध्ये झाली असं सांगतात. तिकडच्या भातात अंडं, कोळंबी, हॅम असतं, आपला कोबी-गाजरवाला प्रकार बराच नंतरचा.

आमच्या घरी आजी सकाळी गंजातला (म्हणजे पातेल्यातला) रात्रीचा भात हातानं मोकळा करायची, गुठळी दिसली की बोटांनी हलकेच फोडायची, मग मोहरी, शेंगदाणे, कांदा, हिरवी मिरची, हळद आणि वरून भरपूर सांबार (नागपूरबाहेरच्यांसाठी, कोथिंबीर). फोडणीचा भात आणि फ्राइड राइस दोन्हीकडे गणित एकच, थंड झालेल्या भातातला स्टार्च आवळतो, दाणा घट्ट होतो आणि परतताना लगदा होत नाही.

चायनीज आपल्याकडे आलं ते कोलकात्यातून. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथे चिनी लोक वसायला लागले, पुढे तिथल्याच टांगरा भागात हक्का या चिनी समाजाच्या लोकांचे चामड्याचे कारखाने आणि हॉटेलं उभी राहिली, आणि सोया सॉसच्या जोडीला आपली हिरवी मिरची, लसूण, आलं असं सगळं कढईत पडायला लागलं. १९७५ मध्ये मुंबईत नेल्सन वँग यांनी चिकन मंचुरियन केलं आणि मग या देशी चायनीजची गाडी सुसाट सुटली. अजिनोमोटो मात्र जपानी, १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ती चव वेगळी काढली. मी घरी टाकत नाही, भाज्या चांगल्या असल्या की गरज पडत नाही.

आता तांदूळ. लोक बासमतीच्या मागे लागतात पण आपल्याकडचा एचएमटी यासाठी मस्त आहे, बारीक आणि मोकळा. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलं, दीडेक एकराचा शेतकरी माणूस, १९८३ च्या सुमारास धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या त्या जपून ठेवल्या आणि वर्षानुवर्षं निवडत गेले, नाव पडलं ते तेव्हाच्या एचएमटी घड्याळावरून. २०१८ मध्ये ते गेले. नागपुरात घरोघरी हा तांदूळ शिजतो पण त्यांचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, आपल्या मे महिन्यात भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि बाहेर राहिलेल्या भातात ते जे विष तयार करतात ते परतल्यानंही जात नाही, १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडले त्यामागे हेच होतं. तासाभरात भात ताटात पसरून गार करायचा आणि फ्रिजमध्ये टाकायचा.

बाकी काम दहा मिनिटांचं. लोखंडी कढई धूर निघेस्तोवर तापवायची, तेल, लसूण, मग गाजर, बीन्स, पत्ताकोबी, शिमला मिरची मोठ्या गॅसवर दोनच मिनिटं, भाजी कुरकुरीत राहिली पाहिजे. मग भात, मीठ, मिरपूड, सोया सॉस कढईच्या कडेनं सोडायचा म्हणजे तो चरचरतो, सराट्यानं (उलथन्यानं) खालून वर करायचं आणि गॅस बंद करून कांद्याची पात टाकायची.