बोलायची मुभा: निजामाच्या गश्तीपासून रात्री नऊच्या चर्चेपर्यंत

रात्रीच्या चर्चेत एखादा निवेदक कुठल्या संताबद्दल, समाजाबद्दल, जातीबद्दल वावगं बोलला की पुढे काय होतं ते मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात पाहायला मिळतं. सकाळपर्यंत ती क्लिप व्हॉट्सॲपवर फिरलेली असते. दुपारी दहा-पंधरा जण पोलीस ठाण्यात जाऊन निरीक्षकांना निवेदन देतात, त्याचा फोटो निघतो आणि संध्याकाळी मोंढ्यापासून बसस्टँडपर्यंत तोच विषय. एक बाजू म्हणते, गुन्हा दाखल करा, अटक करा. दुसरी म्हणते, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, पटत नसेल तर टीव्ही बंद करा.

दोन्ही बाजू असं बोलतात, जणू हा वाद वाहिन्यांसोबतच आला. मराठवाड्यात तो शंभरेक वर्षांचा आहे. आणि या विभागाने त्याची दोन्ही टोकं सोसली आहेत: तोंड दाबणारं राज्य आणि माणसं पेटवणारा वक्ता. म्हणून हा मागोवा.

हैदराबाद संस्थानात गश्ती क्रमांक ५३ या परिपत्रकाचा धाक होता. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. परवानगी कोणाला द्यायची ते अधिकारी ठरवणार, आणि नाकारली तर विचारणार कोणाला? परिणाम असा झाला की संस्थानातल्या लोकांना आपल्याच राज्याबद्दल बोलायला राज्याबाहेर जावं लागलं. हैदराबाद संस्थानाची राजकीय परिषद १९२३ साली काकीनाड्याला भरली, पुढची अधिवेशनं मुंबई, पुणे, अकोल्याला झाली. मराठवाड्याच्या भूमीवर महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला व्हायला १९३७ साल उजाडलं. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर ती नीट उभी राहण्याआधी बंदी आली. त्याच वर्षी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना कॉलेजं सोडावी लागली. त्यातले कितीतरी जण नागपूरला जाऊन शिकले. आ. कृ. वाघमारे ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढायचे, तेही संस्थानाबाहेरून. बंदी आली की नाव बदलायचं आणि पुढचा अंक छापायचा.

हे झालं तोंड दाबणाऱ्या राज्याचं. दुसरं टोक लातूरचं आहे.

कासिम रझवी लातूरला वकिली करायचे. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाचे अध्यक्ष आणि रझाकारांचे प्रमुख म्हणून त्यांची ताकद मुख्यतः भाषणात होती. ज्या राज्यात साध्या सभेला परवानगी मिळत नव्हती, त्याच राज्यात त्यांच्या सभांना कोणी हात लावला नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बंदी सगळ्यांवर नव्हती. सत्तेला जो नको तो गप्प होता आणि जो हवा तो मोकळा. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. मारेकऱ्यांनी लिहिणारा हात तोडला. भडकावणारा मोकळा आणि भडकावण्याविरुद्ध लिहिणारा मारला गेला.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. हा दिवस आपण दरवर्षी मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, तो करायलाच हवा. त्याच्या लगोलग जे झालं तेही याच इतिहासाचं आहे. पोलीस कारवाईनंतरच्या सूडाच्या हिंसाचारात मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचं नोंदवलं आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. अगदी अलीकडे, २०१३ च्या सुमारास तो वाचायला मिळू लागला. चिथावणीची किंमत ज्यांनी चिथावलं ते देत नाहीत, शेजारी राहणारे देतात, हे इथल्या खेड्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

संविधान आल्यावर कलम १९(१)(क) ने भाषणाचं स्वातंत्र्य दिलं. मे १९५० मध्येच रोमेश थापर यांच्या साप्ताहिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास सरकारची बंदी उडवली. त्यावर वर्षभरात पहिली घटनादुरुस्ती आली आणि कलम १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणं वाढली. सोबत ‘वाजवी’ ही अटही आली, म्हणजे निर्बंध वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासणार. इंग्रजांच्या काळातली कलमं मात्र तशीच राहिली: गटांमध्ये वैर पसरवण्याचं १५३-अ, १८९८ सालचं, आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याचं २९५-अ, १९२७ सालचं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती १९६ आणि २९९ या क्रमांकांनी आहेत.

मधली वर्षं भराभर सांगतो, नामांतर सोडून. आणीबाणीत ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले. याच भालेरावांनी आणि त्यांच्या दैनिकाने विद्यापीठाच्या नामांतराला विरोध केला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नाव प्रत्यक्षात लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. नामांतराला विरोध हे मत होतं आणि ते मांडायचा हक्क होता, असं मी मानतो. पण वातावरण तापलेलं असताना आपल्या अग्रलेखाचा गावकुसाबाहेर काय अर्थ लागतो याची जबाबदारी संपादकाची असते की नाही, हा प्रश्न तेव्हापासून या विभागाच्या पत्रकारितेला चिकटलेला आहे. आज संपादकाच्या जागी निवेदक बसवा, प्रश्न तोच राहतो.

नामांतर झालं त्याच वर्षी लातूर पुन्हा या इतिहासात येतं. बँक कर्मचारी संघटनेच्या सभासदांपुरत्या निघणाऱ्या एका नियतकालिकात, जुलै-ऑगस्ट १९९४ च्या अंकात, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता छापली गेली. तक्रार पुण्याची, पण गुन्हा लातूरच्या गांधी चौक पोलीस ठाण्यात दाखल झाला आणि खटला लातूरच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. आरोप गांधीजींच्या तोंडी अश्लील भाषा घातल्याचा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १४ मे २०१५ ला. प्रकाशक देविदास तुळजापूरकर यांनी खटला सुरू होण्याआधीच बिनशर्त माफी मागितली होती, म्हणून त्यांची सुटका झाली. कवीने मात्र खटल्याला सामोरं जावं, असं न्यायालयाने सांगितलं. प्रकाशकाची वीस वर्षं तारखांत गेली. माझ्या मते शिक्षा तिथेच होऊन गेली.

योगायोग असा की १९९५ मध्ये गांधीजींवरूनच एक मोठं टीव्ही प्रकरण झालं. स्टार प्लसच्या ‘निकी टुनाइट’ या कार्यक्रमात एका पाहुण्याने गांधीजींना शिवी दिली. देशभर आरडाओरडा झाला आणि वाहिनीने कार्यक्रम बंद केला. उपग्रह वाहिन्या तेव्हा नुकत्या आल्या होत्या. आपल्याकडे गल्लीतला केबलवाला छतावरून वायर ओढत होता. त्याच वर्षी केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा आला, ज्याखाली धर्मांवर हल्ला करणारे, द्वेष पसरवणारे कार्यक्रम दाखवायला मनाई आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात प्रक्षेपण ज्यांवरून होतं त्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही जनतेची मालमत्ता असल्याचं म्हटलं होतं. हा मुद्दा निवेदकांच्या वादात कोणी काढत नाही, तो काढायला हवा.

२००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या. निवेदक म्हणजे बातमी वाचणारा माणूस, ही दूरदर्शनच्या काळातली ओळख मोडली. पडद्यावर सहा-आठ चौकटी, मधल्या मोठ्या चौकटीत निवेदक. कोणाचा आवाज चढवायचा, कोणाला मध्येच तोडायचं हे त्याच्या आणि नियंत्रण कक्षाच्या हातात. हे नीट लक्षात घेतलं पाहिजे. पारावर बसून कडवट बोलणारा म्हातारा आणि हा निवेदक, दोघांना संविधानाचं एकच कलम लागू आहे. पण पारावर समोरचा लगेच उलट बोलू शकतो, स्टुडिओत त्याचा माईक बंद करता येतो.

मग २०२० साल आलं आणि सगळं एका वर्षात समोर आलं. १३ फेब्रुवारीला औरंगाबाद खंडपीठाने माजलगावच्या आंदोलकांच्या बाजूने निकाल दिला. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध त्यांना शांततेत बसायचं होतं आणि प्रशासनाने परवानगी नाकारली होती. एका कायद्याला विरोध करतात म्हणून कोणी देशद्रोही ठरत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट लिहिलं. गश्ती ५३ आठवणाऱ्या पिढीतलं कोणी तो निकाल वाचायला असायला हवं होतं.

एप्रिलमध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, वांद्र्याला स्थलांतरित मजुरांची गर्दी जमली. विशेष गाड्या सुटण्याची शक्यता रेल्वेच्या पत्राच्या आधारे सांगणाऱ्या एबीपी माझाच्या वार्ताहराला पोलिसांनी उस्मानाबादेतल्या घरातून उचलून मुंबईला नेलं. दुसऱ्याच दिवशी जामीन झाला. त्याच महिन्यात पालघरच्या साधूंच्या हत्येवरच्या चर्चेवरून रिपब्लिकच्या अर्णब गोस्वामींवर वेगवेगळ्या राज्यांत गुन्हे दाखल झाले. १९ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच प्रसंगासाठी ठिकठिकाणी गुन्हे चालवता येणार नाहीत म्हणत एकच गुन्हा मुंबईत ठेवला. हे तत्त्व बरोबर आहे. फक्त त्याचा आधार मोठ्या वकिलांपर्यंत पोहोचणाऱ्या निवेदकाला लगेच मिळतो, जिल्ह्याच्या वार्ताहराला तेवढ्या लवकर नाही.

करोना पसरवल्याचा ठपका ठेवत तबलिगी जमात या मुस्लिम धार्मिक संघटनेवरून त्या उन्हाळ्यात वाहिन्यांनी जे केलं त्याचा हिशेब पुन्हा औरंगाबाद खंडपीठानेच मांडला. २१ ऑगस्टच्या निकालात २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द झाले. न्या. नलावडे यांनी छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत या लोकांविरुद्ध मोठा अपप्रचार झाल्याचं आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं नमूद केलं. त्या दिवसांत भाजीच्या गाड्यावर नाव विचारलं जात होतं. ते विचारणाऱ्यांना टीव्हीने शिकवलं होतं, हे मी ठामपणे म्हणतो.

वृत्तवाहिनीचे निवेदक अमिश देवगण यांचं प्रकरण जूनचं. चर्चेत त्यांनी अजमेरचे सूफी संत ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती यांना लुटारू म्हटलं. नंतर माफी मागितली, म्हणाले, दुसरं नाव घ्यायचं होतं. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत गुन्हे झाले. ७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करायला नकार दिला, सगळे अजमेरला एकत्र केले आणि अटकेपासून संरक्षण दिलं. या निकालातली दोन निरीक्षणं कामाची आहेत. एक, द्वेषमूलक बोलणं ठरवताना कोण बोललं, कोणासमोर, कुठल्या प्रसंगी आणि त्याने काय घडू शकतं हे पाहायचं. नुसती चर्चा किंवा पुरस्कार म्हणजे चिथावणी नव्हे. दुसरं, हा निवेदक केवळ यजमान नव्हता, चर्चेतला बरोबरीचा सहभागी होता. म्हणजे ‘मी तर फक्त प्रश्न विचारले’ ही ढाल न्यायालयाने बाजूला सारली.

सप्टेंबर २०२२ मध्ये न्या. के. एम. जोसेफ यांनी सुनावणीत निवेदकाची जबाबदारी पुन्हा बोलून दाखवली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्वच राज्यांना द्वेषमूलक भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा दाखल करायला सांगितलं. वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेची अडचण वेगळी आहे. २०२३ मध्ये तिचा दंड एक लाखापर्यंत होता, तो पुरेसा नाही हे सर्वोच्च न्यायालयानेच तेव्हा सुनावलं. आणि जी वाहिनी सभासद नाही तिला तो लागूही नाही. तालुक्यातालुक्यात माईकवर स्वतःच्या नावाचं बोंडूक लावून उभे असलेले यूट्यूब निवेदक तर तिच्या कक्षेतच नाहीत.

माझं मत असं की कोणाचं मन दुखावलं यावर गुन्हा उभा राहू नये. कोणाचा जीव, घर, रोजीरोटी धोक्यात आली यावर राहावा. ही कसोटी नवी नाही. नागपूरचे न्या. विवियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या आधीच लिहून ठेवलं की शब्दांचा परिणाम धीट, समंजस माणसाच्या मापाने मोजायचा, दुबळ्या मनाच्या मापाने नाही. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातमधला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने तोच दाखला दिला आणि पोलिसांना एक वाट दाखवली. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा आरोपांत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली, उपअधीक्षकांची परवानगी घेऊन चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करायची आणि मगच गुन्ह्याचं ठरवायचं. गांधी चौक ठाण्यात १९९५ मध्ये अशी पायरी नव्हती. आता आहे. पुढच्या वेळी निवेदन घेऊन जाणाऱ्यांनी त्या निवेदनात हे कलम लिहावं, सोबत पूर्ण कार्यक्रमाची चित्रफीत जोडावी, कापलेली क्लिप नाही, आणि वाहिनीकडे त्याच वेळेला, त्याच कार्यक्रमात उत्तर देण्याची जागा मागावी.