ईवुड पार्कची खुर्ची : ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या मॅनेजरांची पार्श्वभूमी

ब्लॅकबर्न रोव्हर्स हे नाव क्रिकेटपलीकडे फारसं न पाहणाऱ्या मराठी माणसाच्याही कानावर पडलं ते नोव्हेंबर २०१० मध्ये. पुण्याच्या कुक्कुटव्यवसायातल्या कंपनीनं इंग्लंडमधल्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेतला, म्हणजे प्रीमियर लीगमधला, हा क्लब विकत घेतला आणि महिना उलटायच्या आत मॅनेजर (संघ निवडून चालवणारे प्रमुख) सॅम अ‍ॅलर्डाइस यांना नारळ दिला. पुढच्या साडेसहा वर्षांत क्लब दोन पायऱ्या खाली घसरला. त्यामुळे आजही रोव्हर्सच्या मॅनेजरचा विषय निघाला की गाडी हटकून १३ डिसेंबर २०१० या तारखेपाशी येऊन थांबते. त्या निर्णयाचं वजन समजायचं तर आधी ईवुड पार्कवर, म्हणजे क्लबच्या घरच्या मैदानावर, ही खुर्ची कोण देत होतं आणि कोण काढून घेत होतं, ते पाहायला हवं.

सुरुवातीच्या काळात आजच्या अर्थाचा मॅनेजर नव्हताच. कापडगिरण्यांच्या या गावात क्लबचा सेक्रेटरी पत्रव्यवहार, प्रवास आणि खेळाडूंचे पगार बघायचा, संघ निवडायचं काम संचालकांच्या समितीकडे असायचं. १९१२ आणि १९१४ ची लीगविजेतेपदं रॉबर्ट मिडलटन या सेक्रेटरीच्या काळातली आहेत. १९२८ चा एफए कप (इंग्लंडमधली जुनी बाद पद्धतीची स्पर्धा) मिळाला तेव्हा सूत्रं बॉब क्रॉम्प्टन यांच्या हाती होती. हे क्लबचे जुने कर्णधार, इंग्लंडकडून ४१ सामने खेळलेले आणि पुढे क्लबचे संचालकही झालेले. १९३८ मध्ये ते परत त्या खुर्चीवर आले. १९४१ मध्ये रोव्हर्सचा सामना पाहत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच ते गेले. क्लब, गाव आणि मॅनेजर यांच्यात अंतरच नव्हतं, असा तो काळ होता.

युद्धानंतरची तीन-चार दशकं भराभर ओलांडली तरी चालतील. १९६६ मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून उतरला आणि २६ वर्षं वर आला नाही. मधल्या काळात दोनदा तिसऱ्या श्रेणीतही जाऊन आला. गॉर्डन ली यांनी १९७५ मध्ये आणि हॉवर्ड केंडल यांनी १९८० मध्ये त्याला तिथून बाहेर काढलं. केंडल तर तेव्हा स्वतः मैदानात उतरून खेळतही होते. दोघेही पुढे मोठ्या क्लबांकडे गेले. पैसा नसलेल्या क्लबचं हे नेहमीचंच आहे.

जानेवारी १९९१ मध्ये पैसा आला. जॅक वॉकर हे ब्लॅकबर्नचेच, पोलादाच्या धंद्यात मोठे झालेले, लहानपणापासून रोव्हर्सचे चाहते. त्यांनी क्लब ताब्यात घेतला आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या या संघासाठी चक्क केनी डल्ग्लिश यांना आणलं. लिव्हरपूलला तीन लीगविजेतेपदं मिळवून देऊन आठच महिन्यांपूर्वी ते तिथून बाहेर पडले होते. मे १९९२ मध्ये बढतीच्या निर्णायक सामन्यात वेम्बलीवर लेस्टरला १-० हरवून रोव्हर्स नव्या प्रीमियर लीगमध्ये दाखल झाले. मग ब्रिटिश विक्रमी रक्कम मोजून आघाडीपटू अ‍ॅलन शिअरर आला. पहिल्या हंगामात चौथे, दुसऱ्यात दुसरे, तिसऱ्यात पहिले. १४ मे १९९५ ला रोव्हर्स अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलकडून २-१ असे हरले, पण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमनं १-१ असं रोखलं आणि ८९ विरुद्ध ८८ गुणांनी लीग ब्लॅकबर्नला गेली.

पैशानं विजेतेपद विकत घेतलं, असं तेव्हा म्हटलं गेलं आणि अजूनही म्हटलं जातं. पैसा लागला हे खरंच आहे. पण वॉकर यांनी मॅनेजर निवडला आणि त्याला त्याचं काम करू दिलं, हेही तितकंच खरं आहे. पुढची पडझड त्यांच्याच डोळ्यांदेखत झाली. डल्ग्लिश वरच्या पदावर सरकले आणि त्यांचे सहायक रे हार्फर्ड मॅनेजर झाले. १९९६ च्या उन्हाळ्यात शिअरर न्यूकॅसलला गेला आणि नव्या हंगामात लीगच्या पहिल्या दहा सामन्यांत एकही विजय न मिळाल्यावर हार्फर्ड यांनी राजीनामा दिला. स्वेन-गोरान एरिक्सन यांनी यायचं कबूल केलं आणि मग इटलीतल्या लाझिओचा रस्ता धरला. रॉय हॉजसन यांनी एक हंगाम सहावं स्थान मिळवून दिलं, पण दुसऱ्या हंगामात त्यांची उचलबांगडी झाली. ब्रायन किड यांच्या कारकिर्दीत, १९९९ मध्ये, क्लब खाली उतरला. विजेतेपदाला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

या सगळ्या धावपळीत एका माणसाची हवी तेवढी दखल घेतली जात नाही, तो म्हणजे टोनी पार्क्स. १९७० मध्ये खेळाडू म्हणून आलेले पार्क्स नंतर प्रशिक्षक झाले आणि १९८६ ते २००४ या काळात त्यांनी सहा वेळा तात्पुरते मॅनेजर म्हणून गाडा ओढला. हार्फर्ड गेल्यावर तळाला असलेला संघ त्यांनीच १३ व्या स्थानापर्यंत आणला आणि मग मुकाट्यानं पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसले. मॅनेजर गेला तरी दुसऱ्या दिवशीचा सराव कोण घेणार, हा प्रश्न त्या काळात ब्लॅकबर्नला कधी पडला नाही.

वॉकर ऑगस्ट २००० मध्ये वारले. त्यांच्या मागे क्लब त्यांच्या ट्रस्टच्या हाती राहिला आणि रोजचा कारभार गावातच बसलेल्या अनुभवी मंडळींकडे. ग्रॅम सूनेस यांनी २००१ मध्ये संघ वर आणला आणि २००२ मध्ये टॉटनहॅमला २-१ हरवून लीग कप जिंकला. मार्क ह्यूज यांनी २००६ मध्ये सहावं स्थान मिळवलं. ह्यूज मँचेस्टर सिटीला गेल्यावर पॉल इन्स आले, १७ लीग सामन्यांत तीनच विजय मिळाले आणि सहा महिन्यांत त्यांना डच्चू मिळाला. हा निर्णय अध्यक्षांनी घेतला, कारण दिलं आणि दोन दिवसांत अ‍ॅलर्डाइस यांचं नाव जाहीर केलं. फारसा आरडाओरडा झाला नाही. २०१० शी तुलना करताना ही गोष्ट हमखास विसरली जाते.

अ‍ॅलर्डाइस यांचा खेळ देखणा नव्हता. लांब चेंडू, उंच खेळाडू, कॉर्नर आणि थ्रो-इनवर भर. पण त्यांनी आधी संघ वाचवला, २००९-१० मध्ये दहावं स्थान मिळवलं आणि लीग कपची उपांत्य फेरीही गाठली. नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडकडून ७-१ असा दणकून पराभव झाला. पुढच्याच आठवड्यात वुल्व्ह्जवर ३-० असा विजय मिळाला. मग १२ डिसेंबरला बोल्टनकडून २-१ हार झाली आणि दुसऱ्या दिवशी हकालपट्टी. संघ तेव्हा १३ वा होता.

मालकांचं म्हणणं असं होतं, की त्यांना अधिक आकर्षक खेळ आणि गुणतक्त्यात वरची जागा हवी आहे. यात वावगं काही नाही. क्लब ज्याचा, त्याला मॅनेजर बदलायचा हक्क आहे आणि नवा मालक जुना मॅनेजर काढतो हे इंग्लंडमध्ये नवीन नाही. 'परदेशी मालकांना फुटबॉल कळत नाही' हा तेव्हाचा सूर मला आजही पटत नाही. इंग्रज मालकांनी याहून वाईट निर्णय ढिगानं घेतले आहेत. खरी चूक पुढची होती. काढायच्या माणसाचं नाव ठरलं होतं, आणायच्या माणसाचं ठरलं नव्हतं. पार्क्स यांच्यासारखा वर्षानुवर्षं क्लबात मुरलेला माणूस हाताशी उरला नव्हता. खुर्ची मिळाली ती प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांना. त्यांनी याआधी कुठल्याच क्लबचं मॅनेजरपद सांभाळलं नव्हतं. आधी तात्पुरती, मग हंगामापुरती आणि जानेवारीत २०१३ पर्यंतच्या करारानं. मालकांना क्लबखरेदीत सल्ला देणारा खेळाडूंचा एजंटच कीन यांचंही काम पाहतो, असं वृत्तपत्रांत येऊ लागल्यावर चाहत्यांच्या मनात संशयानं घर केलं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्याच हिवाळ्यात क्लबच्या तीन जुन्या पदाधिकाऱ्यांनी पुण्याला पत्र लिहिलं. मॅनेजरला काढणं, नव्याचा करार, खेळाडूंची खरेदी, यांपैकी कशातच आम्हाला विचारलं गेलं नाही, अशी त्यांची तक्रार होती. ते पत्र पुढे फुटलं. पण तोवर अध्यक्ष फेब्रुवारी २०११ मध्ये पायउतार झाले होते. मॅनेजर बदलतात, पण त्यांना निवडणारी माणसं गेली की क्लबची स्मृतीच जाते. इन्स यांना काढल्यावर दोन दिवसांत अ‍ॅलर्डाइस यांना आणणारी यंत्रणा त्या दिवसापासून उरली नाही.

पहिला हंगाम निभावला. शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जला ३-२ हरवून संघ १५ वा आला. ऑक्टोबर २०११ मध्ये तो पुण्यातही आला आणि बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीविरुद्ध ३-० असा जिंकला. प्रीमियर लीगचा संघ घरच्या मैदानावर बघायला मिळाला याचं इथल्या फुटबॉलवेड्यांना मोठं अप्रूप होतं. तिकडे ईवुड पार्कवर मात्र 'कीन चालते व्हा'च्या घोषणा दर सामन्याला घुमत होत्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याच कीन यांच्या संघानं ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला ३-२ हरवलं, तरी गर्दीचा राग निवळला नाही.

७ मे २०१२. घरच्या मैदानावर विगनविरुद्ध सामना, संध्याकाळभर पाऊस. कुणीतरी रोव्हर्सच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. रोख कुणावर होता हे सांगायला नको. ८७ व्या मिनिटाला विगनच्या अल्कारासनं कॉर्नरवर डोक्यानं गोल मारला आणि अकरा वर्षांनी रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर फेकले गेले. ते आजतागायत परतलेले नाहीत.

यानंतरचा २०१२-१३ हा हंगाम म्हणजे या साऱ्या इतिहासातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग. सप्टेंबरअखेरीस संघ दुसऱ्या श्रेणीत तिसऱ्या स्थानावर असताना कीन यांनी राजीनामा दिला आणि राजीनामा देणं आपल्याला भाग पाडलं गेलं, असं सांगितलं. एरिक ब्लॅक यांनी महिनाभर काम पाहिलं. ३१ ऑक्टोबरला १९९५ च्या विजेत्या संघातले बचावपटू हेनिंग बर्ग आले. दहा सामन्यांत एक विजय, आणि ५७ दिवसांनी, २७ डिसेंबरला, त्यांनाही नारळ. गॅरी बोयर यांनी मधले दिवस सांभाळले. मग ब्लॅकपूलमधून मायकेल अ‍ॅपलटन आले. त्यांच्या संघानं एफए कपमध्ये आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर हरवलं आणि पुढच्याच महिन्यात, ६७ दिवसांनी, अ‍ॅपलटनही गेले. पुन्हा बोयर. एका हंगामात पाच माणसं.

बर्ग यांचं प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे जे बाहेर आलं ते कोणत्याही टीकेपेक्षा बोलकं होतं. त्यांचा करार जून २०१५ पर्यंतचा होता. मुदतीआधी काढल्यास उरलेल्या काळाचा मूळ पगार द्यायचा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. क्लबनं देणं आधी मान्य केलं. नंतर भूमिका फिरवली आणि सांगितलं, की असा करार करण्याचा अधिकार आपल्याच व्यवस्थापकीय संचालकाला नव्हता, मालकांच्या परवानगीविना त्यानं तो केला. म्हणजे मॅनेजर नेमणाऱ्या माणसाला मॅनेजर नेमायचा अधिकार होता का, हे न्यायाधीशांनी ठरवावं अशी वेळ क्लबनं स्वतःवर आणली. एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयानं आधीची कबुली मागे घेऊ दिली नाही आणि बर्ग यांना २२ लाख ५० हजार पौंड द्यायला लावले. आठ आठवड्यांच्या कामाचा तो हिशेब होता. चाहत्यांना राग आलाच, पण लँकेशायरमधलं कार्यालय आणि पुण्यातले मालक यांच्यात शेवटचा शब्द कुणाचा, हे अडीच वर्षांत लिहून ठेवलं गेलं नव्हतं, ही त्यातली खरी गंभीर बाब.

बोयर यांना मे २०१३ मध्ये कायम केलं गेलं आणि थोडी शांतता लाभली. त्यांनी आधी आठवं स्थान मिळवलं आणि पुढच्या हंगामात, खर्चाच्या नियमांमुळे खेळाडू विकत घ्यायला बंदी येऊनही, नववं. मला त्यांची कारकीर्द या पंधरा वर्षांतली सर्वांत दुर्लक्षित वाटते. त्यांच्यानंतर पॉल लॅम्बर्ट सहा महिने राहिले. मग आलेले ओवेन कॉइल हे हाडवैरी बर्न्लीचे माजी मॅनेजर, त्यामुळे पहिल्या दिवसापासून गावाचा रोष. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्या जागी टोनी मोब्रे आले. शेवटच्या सामन्यात ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही ५१ गुणांवर, फक्त गोलफरकानं, संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर ही पाळी पहिल्यांदाच आली होती.

या वेळी मात्र मॅनेजर बदलला नाही. मोब्रे पुण्याला येऊन मालकांसमोर बसले, काय हवं आणि किती लागेल ते बोलले. पुढच्याच वर्षी ९६ गुणांसह संघ वर आला. करार संपेपर्यंत, २०२२ पर्यंत, ते पाच वर्षांहून अधिक काळ टिकले. त्यांना बढतीपलीकडे मोठं यश मिळालं नाही, पण ज्या मालकांना अधीर म्हणून हिणवलं गेलं, त्यांनीच या मॅनेजरला कुणीही दिला नसता एवढा वेळ दिला. या काळात मालक क्लबचा तोटाही वर्षानुवर्षं आपल्या खिशातून भरत आले, हेही नोंदवायला हवं.

अलीकडची अडचण निराळी आहे. मालकांच्या आर्थिक व्यवहारांच्या भारतातल्या चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली आणि खर्चाला कात्री बसली. २०२३ मध्ये केवळ गोलफरकानं प्ले-ऑफ (वरच्या श्रेणीत जाण्यासाठीचे बाद पद्धतीचे सामने) हुकलेल्या योन डाल टोमासन यांना हाती हवी तेवढी साधनं मिळाली नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले, त्याच सुमारास क्लबच्याच अकादमीत घडलेला अ‍ॅडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. जॉन युस्टेस यांनी शेवटच्या दिवशी लेस्टरला त्यांच्या मैदानावर हरवून संघ वाचवला. पुढच्या हंगामात संघ पाचवा असताना, फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्यांनी स्वतःहून डर्बी काउंटीची नोकरी पत्करली. डर्बी तेव्हा खालच्या श्रेणीत घसरण्याच्या धोक्यात होता. त्यांच्या जागी व्हॅलेरियन इस्माएल आले आणि त्या हंगामाअखेर रोव्हर्स सातवे आले, प्ले-ऑफपासून दोन गुण दूर.