नऊ ते एकचा पदर

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पोहायला शिकवायची साधनं दोनच होती: वाळलेला भोपळा आणि थोरले काका. भोपळा सुंभाने पाठीला बांधायचा आणि काकांनी मागून ढकलून द्यायचं. पहिल्या दिवशी मी गटांगळ्या खाल्ल्या, दुसऱ्या दिवशीही खाल्ल्या, चौथ्या दिवशी हातपाय आपसूक हलायला लागले. आठवडाभराने भोपळ्याच्या जागी पांगाऱ्याचा एक ओंडका आला. मग तोही सुटला. काकांची परीक्षा ठरलेली होती. काठाला हात न लावता विहिरीच्या चार फेऱ्या. त्या झाल्या की पोरगं ‘सुटलं’.

त्या भोपळ्याचं गणित मला पुष्कळ वर्षांनी कळलं. माणसाचं शरीर आणि गोडं पाणी यांची घनता जवळजवळ सारखी असते. छाती भरून श्वास घेतला की आपण जेमतेम तरंगतो, आणि तेही शंभरातले एखाद-दोन भाग पाण्याबाहेर ठेवून. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत हे एक-सव्वा किलो भरतं. नुसतं डोकं मात्र चार-साडेचार किलोचं असतं. म्हणजे अख्खं डोकं पाण्याबाहेर ठेवून निवांत तरंगायचं, हे हातपाय न हलवता जमणारच नाही. जमतं ते एवढंच: मान मागे टाकायची, कान बुडू द्यायचे आणि नाक-तोंड तेवढं वर ठेवायचं. आता चार-पाच लिटरचा पोकळ भोपळा पाठीला बांधला, तर तो स्वतःचं वजन वजा जाता चार-साडेचार किलोची उचल देतो. एका डोक्याएवढी. पाण्यात नव्या पोराला हवी असते तीही तेवढीच.

हेच गणित उलटं लावलं की माणूस बुडतो कसा, ते कळतं. घाबरलेला माणूस हात वर करतो. एका हाताचं वजन अडीच-तीन किलो. तो पाण्याबाहेर काढला की त्याला मिळणारा पाण्याचा आधार गेला, आणि तेवढं शरीर खाली गेलं. तो ओरडतो. ओरडायचं तर छातीतली हवा सोडावी लागते. दोन लिटर हवा गेली म्हणजे दोन किलोची उचल गेली. मदत मागायच्या आपल्या दोन्ही रीती माणसाला खालीच ओढतात.

पण ‘वाचवा, वाचवा’ असं ओरडत हात हलवणारा बुडता माणूस बहुतेक सिनेमातच भेटतो. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाचा जीवरक्षक होता. त्याने बुडणाऱ्या माणसांचं चित्रण करून त्यांच्या हालचाली बारकाईने पाहिल्या. त्याला दिसलं ते असं: शरीर पाण्यात उभं, पाय जवळजवळ थांबलेले, दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबताहेत, तोंड क्षणभर वर येतं आणि पुन्हा बुडतं. त्या क्षणात श्वास घ्यायचा की हाक मारायची? शरीर श्वास निवडतं. हात हलवून खूण करणंही त्याच्या ताब्यात राहत नाही. हे सगळं वीस ते साठ सेकंद चालतं. लहान मूल तर त्याहून लवकर जातं. दहा हातांवर कपडे धुणाऱ्या बाईला काहीच ऐकू आलं नाही, असं आपण ऐकतो आणि आपल्याला ते खरं वाटत नाही. ते खरंच असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, म्हणजे तासाला तीसहून जास्त. त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली मुलं होती. आणि दहातले नऊ मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले.

या प्रश्नावर कमी पैशांत सगळ्यांत जास्त काम कुणी केलं असेल, तर ते बांगलादेशाने. आणि त्याची सुरुवात झाली ती एका यशातून. मेघना नदीच्या काठाशी मतलब नावाचा भाग आहे. ढाक्याच्या अतिसार संशोधन संस्थेने तिथे १९६० च्या दशकापासून घरोघरचे जन्म-मृत्यू नोंदवले आहेत. या नोंदींत १९८३ साली एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंपैकी बुडून झालेले होते शंभरात नऊ. २००० साली ते निम्म्याहून जास्त झाले. तळी काही एकाएकी खोल झाली नव्हती. मीठ-साखर-पाण्याने हगवण आवरली, लसींनी गोवर आणि धनुर्वात मागे हटले, आणि इतकी वर्षं त्यांच्या आड दडलेलं तळं उघडं पडलं.

बंगालात घर बांधायचं तर आधी जोत्याला माती हवी. ती जिथून खणली तिथे पावसाचं पाणी साठतं आणि घरटी एक तळं होतं. त्यात बदकं, मासे, आंघोळ, भांडी. मुलं बुडतात ती बहुतेक तिथेच, घरापासून वीसेक मीटरच्या आत. नदी किंवा पूर ही कारणं त्या मानाने मागे पडतात. आणि बुडण्याची वेळही ठरलेली निघाली: सकाळी नऊ ते दुपारी एक. बाप शेतावर, थोरली भावंडं शाळेत, आई चुलीपाशी. एक-दोन वर्षांचं मूल चालायला नुकतं शिकलेलं. या वयात डोकं उंचीच्या जवळजवळ पाचवा हिस्सा असतं (आपलं सातवा-आठवा), त्यामुळे वाकून पाण्यात बघायला गेलं की तोल पुढेच जातो, आणि स्वतःला मागे रेटायचं बळ हातांत नसतं. म्हणून तळंच लागतं असंही नाही. अर्धी भरलेली बादलीही पुरते.

आईला दोष देणं सोपं आहे. बांगलादेशातल्या अपघात-प्रतिबंध आणि संशोधन केंद्राने ते केलं नाही. त्यांनी त्या चार तासांकडे पाहिलं. गावातल्याच एका बाईच्या घरी, आठवड्यातले सहा दिवस, नऊ ते एक, पाच वर्षांच्या आतली वीस-पंचवीस मुलं जमवायची. दाराला आडकाठी. आत गाणी, बडबडगीतं, रंग, अंक, हात धुणं. या जागेला नाव दिलं ‘आंचल’, म्हणजे आपला पदर, आणि ती सांभाळणारी ‘आंचल-मा’. शिक्षण, आरोग्य आणि पाण्यापासून राखण अशी तीन खाती इथे वेगळी काढता येत नाहीत. मूल गाणं म्हणत बसलंय याचा अर्थच ते तळ्याकाठी नाही. नाव ठेवणाऱ्याला सलाम करावासा वाटतो.

चार वर्षांवरच्या मुलांसाठी दुसरा मार्ग: पोहायला शिकवणं. तलाव बांधायला पैसा नव्हता, म्हणून गावच्याच तळ्यात बांबूचा मंच बुडवला. मुलांच्या छातीएवढ्या पाण्यात राहील असा, चहूबाजूंनी कठडा असलेला. एका वेळी मोजकीच मुलं आणि शिकवायला गावातलाच तरुण मुलगा किंवा मुलगी. शैली, वेग, स्पर्धा यांना इथे काहीच जागा नाही. पंचवीस मीटर पोहायचं, तीस सेकंद एका जागी तरंगायचं, आणि दुसरा बुडत असेल तर त्याला काठावरूनच काठी, बांबू, लुगडं काहीतरी पुढे करायचं. एवढं जमलं की झालं. पंचवीस मीटर का? घरामागच्या तळ्यात कुठेही पडलं तरी काठ साधारण त्याच्या आतच येतो. हे वाचल्यावर मी गावी गेलो तेव्हा विहीर मोजली. आरपार बावीस फूट. चार फेऱ्या म्हणजे अठ्ठ्याऐंशी फूट, म्हणजे सत्तावीस मीटरला थोडे कमी. काकांनी हे कुठून आणलं असेल, कोण जाणे!

मुलांना रांगेत उभं करून सगळ्यांना एकदम शिकवायची कल्पनाही जुनी आहे. त्याआधी शिक्षक दोरी-पट्ट्याला अडकवलेला एकेक शिष्य धरून शिकवत असे. १९०९ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या वाय.एम.सी.ए.मध्ये जॉर्ज कॉर्सन नावाच्या शिक्षकाने मुलांना आधी जमिनीवरच हातपाय मारायला लावले आणि मग गटाने पाण्यात उतरवलं. आपल्याकडच्या जलतरण तलावांवर उन्हाळी शिबिरात काठावर बसून पाय मारणारी पोरांची जी रांग दिसते, ती याच घराण्यातली.

बांगलादेशातला उपाय कितपत लागू पडला? २००६ ते २०१० या काळातल्या कामाचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध झाला. आंचलमध्ये जाणाऱ्या मुलांत बुडून मृत्यूचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा सुमारे ८२ टक्क्यांनी कमी होतं. पोहायला शिकलेल्यांत ते ९३ टक्क्यांनी कमी होतं. आकडे इतके गोंडस आहेत की शंका यावी, आणि ती रास्तही आहे. मुलांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेलं नव्हतं. जी आई मुलाला वर्गाला पाठवते, ती घरीही जास्त डोळस असेल, असं म्हणायला जागा आहे. म्हणून ९३ हा आकडा मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्याच्या निम्मा परिणाम खरा धरला, तरी बांबू आणि सुंभाच्या खर्चात एवढं देणारं औषध सहज सापडणार नाही.

दुसरी शंका माझ्या आईची. ‘पोहायला शिकवलं की पोरं पाण्यातून बाहेर येतील का?’ बांगलादेशात तीही तपासली गेली. शिकलेली मुलं न शिकलेल्यांपेक्षा पाण्यात जास्त जातात असं काही दिसलं नाही, आणि गेली तरी धोके जास्त पत्करत नव्हती. आईला हे सांगितलं. तिला पटलेलं दिसलं नाही.

बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर जे होतं, त्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे बंगाली गाव आणि मराठी गाव सारखंच चुकतं. मुलाला पाय धरून गरगर फिरवायचं, किंवा पालथं घालून पोट दाबायचं. हेतू एकच, ‘पाणी काढणं’. आता फुप्फुसात पाणी जातं ते फार थोडं, वजनाच्या दर किलोमागे काही मिलिलिटर. ते थोडंसं पाणीही घात करतं, पण वेगळ्या रीतीने. फुप्फुसातल्या सूक्ष्म वायुकोशांना आतून एक निसरडा थर असतो, तो ते धुऊन टाकतं. मग कोश मिटतात आणि प्राणवायू रक्तात जाऊ शकत नाही. पोट दाबून जे भडभडून बाहेर येतं ते पोटातलं पाणी आणि अन्न, आणि त्यातलं बरंचसं उलट श्वासनलिकेत उतरतं. इतक्यात मेंदूची चार-पाच मिनिटं संपलेली असतात. मुलाला हवी असते हवा. म्हणून बुडालेल्याच्या प्रथमोपचारात छाती दाबण्याआधी तोंडाने श्वास देतात. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत सुरुवातीलाच पाच श्वास आहेत. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसासाठी शिकवलेला क्रम इथे बदलतो, आणि तो हातांनी केल्याशिवाय लक्षात राहत नाही. गावातल्या मंडळाने गणपतीत एक संध्याकाळ रबरी बाहुलीवर हे करून घेतलं, तर एखादा ऑर्केस्ट्रा कमी झाल्याची कुणी तक्रार करणार नाही. बरं, करेलही.

संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल २०२१ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधावर पहिला ठराव केला. तो मांडण्यात बांगलादेश आणि आयर्लंड पुढे होते. तेव्हापासून २५ जुलै हा दिवस त्यासाठी नेमला आहे. आपल्याकडे तो येतो आणि जातो. आपल्याकडे अंगणवाडी आहे, आणि सकाळच्या वेळचीच आहे. पण शाळापूर्व वर्गात बसतात ती तीन वर्षांवरची मुलं. एक-दोन वर्षांच्या मुलाचं वजन होतं, त्याचा शिधा घरी येतो, मूलही घरीच असतं. बांगलादेशाच्या नोंदींत सगळ्यांत जास्त जाणारं वय नेमकं हेच.

आणि आपली तळीही बदलली. विहिरीला पायऱ्या होत्या, कपारी होत्या, बोटं अडकवायला दगड होता. गेल्या पंधरा-वीस वर्षांत माळावर शेततळी आली, आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली. द्राक्ष-डाळिंबांना ती जीवदान आहेत, यात वाद नाही. पण ओला कागद, त्यावर शेवाळाचा पातळ थर आणि काठाचा चढ, यांत घर्षण जवळपास शून्यावर येतं. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाला येतो, हात टेकतो आणि घसरतो. पुन्हा येतो, पुन्हा घसरतो. पोहता येतं म्हणून तो बुडत नाही, आणि बाहेरही येऊ शकत नाही, दम संपेपर्यंत. मग काठावरचा दुसरा उडी मारतो. एकाच शेततळ्यात दोन भाऊ, बाप-लेक, अशा बातम्या येतात त्या अशा.

आमच्या काकांच्या मुलाने यंदा शेततळं केलं. चार कोपऱ्यांना चार लोखंडी खुंट्या ठोकल्या, प्रत्येकीला हातभर अंतरावर गाठी मारलेला नायलॉनचा दोर तळापर्यंत सोडला, आणि दोन बाजूंना ट्रॅक्टरचे जुने टायर एकाखाली एक बांधून शिडी केली. खर्च विचारला तर म्हणाला, टायर फुकट, दोराचे तेवढे पैसे. तारेच्या कुंपणाला आतून एक लांब बांबू अडकवलाय आणि त्याच्या टोकाला हवा भरलेली ट्यूब. मी विचारलं, भोपळा का नाही? म्हणाला, ‘दादा, आता भोपळे वाळेपर्यंत वेलावर ठेवतंय कोण!’