उरुळी-फुरसुंगी: आधी कचरा, मग हद्द

पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला पडायचा. आजूबाजूला वस्ती वाढली, ओरड झाली आणि 1991 च्या सुमारास गाड्या सासवड रस्त्याकडे वळल्या. कोथरूडच्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात मात्र 163 एकरांवर ढीग चढले.

2000 साली घनकचऱ्याचे नियम आले, तरी उघड्यावर कचरा पडतच राहिला. पावसाळ्यात ढिगातून काळं पाणी झिरपायचं. विहिरी नासल्या, टँकर सुरू झाले, दारोदार पिंपं आली. ज्यांच्या विहिरी शहराच्या कचऱ्यानं गेल्या, त्यांनीच शहराच्या टँकरची वाट बघायची! कॅपिंग झालं, म्हणजे ढीग मातीनं झाकले गेले, प्रक्रिया प्रकल्प आले, रखडले. गाड्या अडवल्या की पेठांतले कंटेनर ओसंडायचे आणि मगच गावकऱ्यांना चर्चेचं बोलावणं यायचं.

एप्रिल 2017 मध्ये इथल्या कचरा डेपोला आग लागली. गावकऱ्यांनी तीन आठवडे गाड्या येऊ दिल्या नाहीत. जमिनी गेलेल्यांच्या वारसांना नोकरी, ओपन डंपिंग बंद, अशी आश्वासनं घेऊन आंदोलन थांबलं. त्याच ऑक्टोबरात अकरा गावं महापालिकेत आली, त्यांत ही दोन्ही. हद्दवाढीचा वाद न्यायालयात आधीपासून वेगळा चालू होता. पण गावात अनेकांना वाटलं, आता तरी पाणी येईल.

पाण्याआधी आलं मिळकतकराचं बिल. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची सवय असलेल्यांना, विशेषतः गोदामवाल्यांना, आकडा झेपेना. करावरून रान उठलं आणि डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही गावं वगळायचं जाहीर झालं. 2024 मध्ये स्वतंत्र नगर परिषद झाली. कराची तक्रार खरीच होती. तिच्यावर उपाय मात्र कर कमी करण्याचा निघाला नाही, गावंच बाहेर काढण्याचा निघाला. पाणी योजना, नगररचना योजना अर्ध्यावर असताना त्यांचं पुढं काय, हा प्रश्न विचारणारे गावातही होते. काही जण न्यायालयात गेले. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती, त्यामुळे सभागृहात यावर भांडायला नगरसेवकच नव्हते.

डेपो अर्थात महापालिकेचाच राहिला. जुन्या ढिगांच्या बायोमायनिंगचा, म्हणजे ढीग उकरून कचरा वेगळा करण्याचा, ठेका तीच देते, आणि ती निवडून देणाऱ्या मतदारयादीत आता ही गावं नाहीत.